जुन्या आगगाडीचे छायाचित्र आणि त्याखालची ओळ : उत्साह व अचूकता यांच्या संबंधाची चिकित्सा
(मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

जुन्या आगगाड्यांची छायाचित्रे आज समाजमाध्यमांतून, स्मरणिकांतून व विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतून मोठ्या प्रमाणावर फिरत आहेत. छायाचित्रासोबत फिरणारी फोटोओळ मात्र पुष्कळदा तपासलेली नसते. फोटोओळ ही स्वतंत्र संहिता असून तिला पाठचिकित्सेचे नियम लागू होतात, असे प्रस्तुत लेखात मांडले आहे. देशातील पहिली प्रवासी गाडी, लातूरची बार्शी लाइट रेल्वे आणि नांदेडची निजामकालीन रेल्वे या तीन उदाहरणांच्या आधारे बेफिकीर उत्साह व कोरडा काटेकोरपणा या दोहोंच्या मर्यादा दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : छायाचित्र, फोटोओळ, पाठचिकित्सा, कालविपर्यास, बार्शी लाइट रेल्वे, निजाम स्टेट रेल्वे.

प्रास्ताविक

नांदेड–लातूर रस्त्यावरील लोहा आणि अहमदपूर या दोन्ही गावांतून रेल्वे जात नाही. या परिसरातील मुलाला आगगाडी पाहायची तर दुसरे गाव गाठावे लागते. जुनी, वाफेवर चालणारी गाडी तर आता तेथेही दिसत नाही. त्यामुळे या भागातील विद्यार्थ्याच्या मनात रेल्वेच्या इतिहासाची जी प्रतिमा तयार होते, ती बहुतांशी छायाचित्रांतून होते. एखादे धुरकट, पिवळट पडलेले छायाचित्र आणि त्याखाली 'भारतातील पहिली रेल्वे', 'निजामाची रेल्वे', 'शंभर वर्षांपूर्वीचे आपले स्टेशन' अशी एखादी ओळ एवढीच सामग्री त्याच्या हाती असते. ज्याने ती गाडी पाहिलेली नाही आणि जो पाहू शकणार नाही, त्याच्यासाठी ती ओळच इतिहास ठरते.

म्हणूनच जुन्या गाड्यांच्या छायाचित्रांची हौस हा केवळ छांदिष्टांचा विषय राहत नाही. महाविद्यालयीन स्मरणिका, भित्तिपत्रके, प्रकल्पवह्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची प्रदर्शने यांतून ही छायाचित्रे अध्यापनाच्या क्षेत्रात शिरली आहेत. त्यांच्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहणे हे भाषा आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापकांचे कर्तव्य ठरते.

या संदर्भात दोन टोकाच्या भूमिका आढळतात. पहिली भूमिका अशी की, जुने छायाचित्र पाहून मनाला आनंद होतो, गतकाळाविषयी आपुलकी निर्माण होते. मग एखादे साल इकडचे तिकडे झाले तर बिघडले काय? दुसरी भूमिका अशी की, इंजिनाचा वर्ग, क्रमांक व साल निश्चित सांगता येत नसेल तर छायाचित्र प्रसृत करण्याचा अधिकारच कोणाला नाही. पहिली भूमिका इतिहासाला सैल करते, तर दुसरी इतिहासाचे दार बंद करते. या दोहोंमधील वाट कोणती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. फोटोओळ : एक संहिता

छायाचित्र खोटे बोलत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धसत्य आहे. एका क्षणी कॅमेऱ्यापुढे काय होते, एवढेच छायाचित्र सांगते. ते कोठले, केव्हाचे, कोणाचे आणि कशासाठी काढलेले, हे ते स्वतः सांगत नाही. ते काम फोटोओळ करते. म्हणजे वाचकापर्यंत पोहोचणारा अर्थ हा चित्र व शब्द यांच्या संयोगातून निर्माण होतो आणि चुकीची शक्यता प्रामुख्याने शब्दाच्या बाजूला असते.

शब्दाच्या शुद्धाशुद्धतेचा विचार मराठीला नवा नाही. पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हातोहात नकला होताना मूळ ग्रंथात पाठभेद शिरले होते आणि भाविकांनी आपापल्या परीने भर घातली होती. ही भर घालणारे दुष्ट नव्हते; ते ग्रंथावर प्रेम करणारेच होते. प्रेमानेही पाठ बिघडतो, हे एकनाथांनी ओळखले. यापुढे ग्रंथात स्वतःची ओवी कोणी घालू नये, असा इशारा त्यांनी दिल्याचे परंपरा मानते.

आजच्या छायाचित्राच्या प्रवासाला हेच तत्त्व लागू पडते. एक व्यक्ती छायाचित्र पाठवते आणि अंदाजाने 'बहुधा १९३० च्या सुमारास' असे लिहिते. दुसऱ्या हाती 'बहुधा' गळते. तिसऱ्या हाती 'सुमारास' गळते. चौथ्या हाती गावाचे नाव जोडले जाते आणि पाचव्या हाती 'दुर्मीळ' हे विशेषण येते. पोथीच्या नकलेत जे शंभर वर्षांत घडे, ते येथे एका दिवसात घडते. फरक वेगाचा आहे. प्रक्रिया तीच आहे. म्हणून फोटोओळीचीही पाठचिकित्सा करणे शक्य आहे व आवश्यकही आहे. अंतर्गत पुरावा म्हणजे छायाचित्रात प्रत्यक्ष दिसणारे तपशील आणि बहिर्गत पुरावा म्हणजे स्वतंत्रपणे ज्ञात असलेली माहिती. या दोहोंचा मेळ घालणे हीच तिची पद्धती होय.

२. 'पहिली गाडी' : विशेषणाचा मोह

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, २१ तोफांची सलामी आणि साहिब, सिंध व सुलतान या नावांनी ओळखली जाणारी तीन इंजिने हा तपशील सर्वपरिचित आहे. अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर होते. या उपक्रमामागे जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकर धुरीणांचा पुढाकार होता, ही महाराष्ट्राच्या अभिमानाची बाब आहे.

अभिमानाचा विषय असल्यामुळेच येथे चुका अधिक होतात. पहिली चूक शब्दाची आहे. 'भारतातील पहिली रेल्वे' असे सरसकट लिहिले जाते. वस्तुतः मद्रासजवळील रेड हिल येथे १८३७ मध्ये दगड वाहून नेण्यासाठी रेल्वे वापरली गेली होती आणि रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या बांधकामासाठी १८५१ मध्ये 'थॉमसन' नावाचे वाफेचे इंजिन धावले होते. म्हणून १८५३ ची गाडी ही 'पहिली प्रवासी गाडी' होय. 'प्रवासी' हा एक शब्द जोडल्याने मुंबईचे श्रेय कमी होत नाही. उलट ते नेमके होते. माल वाहणारा रूळ हा बांधकामाचा भाग होता. माणसे वाहणारी गाडी हा समाजजीवनातील बदल होता. अचूक शब्द येथे अभिमानाला अधिक बळकट पाया देतो.

दुसरी चूक चित्राची आहे. या गाडीचे म्हणून दिले जाणारे एक लोकप्रिय छायाचित्र 'फेअरी क्वीन' या इंजिनाचे असते. हे इंजिन लीड्स येथील किटसन, थॉम्पसन आणि ह्यूइटसन या कारखान्यात १८५५ मध्ये तयार झाले व ते पूर्वेकडील ईस्ट इंडियन रेल्वेचे होते. १८५५ मध्ये जन्मलेले इंजिन १८५३ मध्ये धावू शकत नाही, हे समजण्यास रेल्वेतज्ज्ञ असण्याची गरज नाही. शिवाय जी. आय. पी. ची आरंभीची इंजिने व्हल्कन फाउंड्रीने बनविलेली असून त्यांना जोडलेल्या चालक चाकांच्या दोन जोड्या होत्या. 'फेअरी क्वीन'ला मोठ्या चालक चाकांची एकच जोडी आहे. चाके मोजली तरी चूक लक्षात येते.

तिसरे उदाहरण पुलाचे आहे. ठाण्याच्या खाडीवरील पुलावरून जाणाऱ्या गाडीचे चित्र 'पहिली गाडी' म्हणून दिले जाते. पहिली गाडी ठाण्यापर्यंतच गेली होती. ठाण्यापुढे कल्याणपर्यंतचा मार्ग १८५४ मध्ये सुरू झाला. म्हणजे खाडी ओलांडणारी गाडी ही पहिली असू शकत नाही. कधी कधी पार्श्वभूमीला व्हिक्टोरिया टर्मिनसची भव्य इमारत दिसते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार तिचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. कधी डोक्यावर विजेची तार दिसते. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली. ही सारी अंतर्गत विसंगतीची उदाहरणे आहेत. छायाचित्र स्वतःच आपल्या ओळीविरुद्ध साक्ष देत असते. ती ऐकण्याची तयारी तेवढी नसते.

छायाचित्रणकलेच्या इतिहासाचीही येथे मदत होते. ओल्या काचेची कोलोडियन पद्धत १८५१ मध्ये पुढे आली आणि मुंबईतील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. त्या काळी प्रकाशलेखनास लागणारा वेळ पाहता वेगाने धावणाऱ्या गाडीचे चित्र पुसट यावयास हवे. धुराच्या लोटासह रेखीव दिसणारी, भरधाव गाडी १८५३ ची म्हणून समोर आली तर ते कोरीव चित्र आहे, पुढच्या काळातील छायाचित्र आहे, की अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेली प्रतिमा आहे, हे प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. शेवटची शक्यता आता नित्याची झाली आहे आणि तिने जुन्या चिकित्सेची गरज कमी न करता वाढविली आहे.

३. लातूर : गाव निजामाचे, रेल्वे कोणाची?

मुंबईच्या उदाहरणात चूक झाली तरी सत्य शोधण्याची साधने विपुल आहेत. मराठवाड्यात तशी स्थिती नाही. येथे एक चुकीची ओळ दीर्घकाळ टिकते, कारण तिला खोडणारे दुसरे चित्र सहज मिळत नाही.

लातूरच्या जुन्या रेल्वेचे छायाचित्र 'निजामाची रेल्वे' या ओळीखाली देण्याची प्रवृत्ती स्वाभाविक वाटते. लातूर हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा तेथील रेल्वे निजामाची असणार, असा हा तर्क आहे. तर्क सरळ आहे, परंतु निष्कर्ष चुकीचा आहे. लातूरला आलेली अडीच फुटी नॅरोगेज गाडी बार्शी लाइट रेल्वे या कंपनीची होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही कंपनी १८९५ मध्ये लंडनमध्ये उभी केली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पंढरपूरचा फाटा १९०६ मध्ये, लातूर १९११ मध्ये आणि मिरज १९२७ मध्ये जोडले गेले. बार्शी व कुर्डुवाडी ही गावे मुंबई इलाख्यातील आणि लातूर निजामाच्या मुलखातील, असा हा मार्ग दोन सत्तांच्या हद्दी ओलांडत होता. ही रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी शासनाच्या ताब्यात आली.

'निजामाची रेल्वे' या दोन शब्दांनी नेमके काय हरवते, हे पाहण्यासारखे आहे. लातूरची बाजारपेठ हैदराबादकडे पाठ करून कुर्डुवाडीमार्गे मुंबईशी जोडली गेली होती, हा आर्थिक इतिहासातील महत्त्वाचा धागा त्या ओळीने तुटतो. कमी भार वाहणाऱ्या रुळांवरून अधिकाधिक माल नेता यावा म्हणून प्रत्येक आसावरील भार पाच टनांच्या मर्यादेत समान ठेवण्याची कॅलथ्रॉपची योजना होती. या योजनेने नॅरोगेजच्या अभियांत्रिकीत या मार्गाला नाव मिळवून दिले. पुढे इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ च्या छोट्या रेल्वेतही कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव वापरला. बार्शीच्या माळरानावर सिद्ध झालेले तंत्र इंग्लंडला गेले, ही गोष्ट येथील विद्यार्थ्याला कळावयास हवी. चुकीची ओळ ती त्याच्यापासून हिरावून घेते.

याच परिसरात 'लातूर' व 'लातूर रोड' यांचा घोटाळा होतो. लातूर रोड हे विकाराबाद–परळी या ब्रॉडगेज मार्गावरील निराळे स्थानक आहे आणि तो मार्ग मात्र खरोखरच निजामाच्या रेल्वेचा होता. म्हणजे एकाच नावाच्या दोन स्थानकांपैकी एकाला 'निजामाचे' म्हणणे बरोबर आणि दुसऱ्याला म्हणणे चूक आहे. निवाडा करण्याचे साधन छायाचित्रातच असते. रुळांमधील अंतर अडीच फूट आहे की साडेपाच फूट, हे माणसाच्या उंचीशी ताडून पाहता येते. तसेच 'उस्मानाबाद स्टेशन, नॅरोगेज' अशी ओळ आढळल्यास थांबून विचार करावा लागतो, कारण नॅरोगेजच्या काळात हे शहर मार्गावर नव्हते. येडशी हे जवळचे स्थानक होते. गेज बदलताना २००७-०८ च्या सुमारास आखणी बदलून शहर मार्गावर आणले गेले.

एप्रिल २०१६ मध्ये तीव्र टंचाईच्या काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. ज्या मार्गाने ही गाडी आली तो मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर हा मार्ग म्हणजे बहुतांशी बार्शी लाइट रेल्वेचाच वारसा होय. कॅलथ्रॉपच्या कंपनीने जोडलेली गावे ब्रॉडगेजने जोडली गेली नसती, तर हे पाणी या वाटेने लातूरला पोहोचले नसते. 'जुनी रेल्वे लाईन' हे आज लातूर शहरात केवळ ठिकाणाचे नाव म्हणून उरले आहे. ते नाव आणि पाण्याची गाडी यांचा संबंध जुन्या छायाचित्राखालची एक अचूक ओळ जोडून देऊ शकते. चुकीची ओळ दोहोंनाही पोरके करते.

४. नांदेड : कालविपर्यासाचे प्रश्न

नांदेडची स्थिती लातूरहून वेगळी आहे. येथून जाणारा मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सुरू झाला. तो निजामाच्या रेल्वेच्या व्यवस्थेत होता. १९३० मध्ये संस्थान सरकारने कंपनीकडून रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत आणि २ ऑक्टोबर १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. नांदेड हा स्वतंत्र विभाग २००३ मध्ये झाला. येथे 'निजामाची रेल्वे' ही ओळ स्थलदृष्ट्या योग्य आहे. प्रश्न काळाचा आहे.

मीटरगेजवरील वाफेच्या इंजिनाचे कोणतेही छायाचित्र 'निजामकालीन' म्हणून दिले जाते. परंतु वाफेची इंजिने या भागात निजामाची सत्ता गेल्यानंतरही अनेक दशके धावत होती. 'वायपी' वर्गाचे मीटरगेज प्रवासी इंजिन १९४९ पासून भारतात आले आणि पुढे टेल्कोने १९७० पर्यंत ते तयार केले. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. म्हणून इंजिनाच्या पाटीवर 'वायपी' अक्षरे दिसत असतील तर ते छायाचित्र निजामकालीन असूच शकत नाही. ते स्वतंत्र भारतातील आहे.

हा फरक किरकोळ नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास अजूनही येथील घराघरांत जिवंत आहे. गर्दीने भरलेल्या, टपावर माणसे बसलेल्या एखाद्या गाडीचे छायाचित्र 'रझाकारांच्या भीतीने पळणारे लोक' या ओळीखाली दिले गेले आणि ते १९४७ च्या पंजाबातील किंवा १९७० च्या दशकातील जत्रेचे निघाले, तर हानी केवळ एका ओळीची होत नाही. ज्यांना खरोखरच घरदार सोडावे लागले त्यांच्या साक्षीवर संशय घेण्यास निमित्त मिळते. खऱ्या दुःखाला खोट्या चित्राचा आधार देणे म्हणजे त्या दुःखालाच दुबळे करणे होय. भावनेच्या विषयात अचूकतेची गरज अधिक असते, ती याकरिता.

नावांचा कालविपर्यास हाही एक प्रश्न आहे. बोरीबंदर, व्हिक्टोरिया टर्मिनस, १९९६ नंतरचे छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१७ नंतरचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांपैकी कोणते नाव लिहावे? औरंगाबाद व छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद व धाराशिव यांबाबतही हाच प्रश्न उद्भवतो. छायाचित्र ज्या काळचे, त्या काळचे नाव आधी आणि आजचे नाव त्यापुढे 'आताचे' असे म्हणून द्यावे, हा साधा संकेत पुरेसा आहे. जुने नाव लिहिणे म्हणजे नव्या नावाचा अनादर नव्हे. स्थानकाच्या फलकावर जे दिसते तेच नोंदविणे होय.

५. उत्साहाचे ऋण

येथवरच्या विवेचनावरून उत्साह हा दोष आहे, असा समज होऊ नये. उत्साह नसता तर तपासण्यासाठी छायाचित्रेच उरली नसती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड प्रसिद्ध केले. त्यांमागे गावोगाव हिंडून, माळ्यावरची दप्तरे उतरवून, वाळवीच्या तोंडून कागद सोडविण्याचा ध्यास होता. तो ध्यास उत्साहाचाच होता. मात्र कागद कोठे सापडला, कोणाच्या दप्तरात सापडला आणि त्यावर कोणती तिथी आहे, याचा विचार त्यांनी सोडला नाही. उत्साहाने साधन मिळते आणि चिकित्सेने ते साधन पुरावा ठरते, असा या दोहोंचा संबंध आहे.

मराठवाड्यात रेल्वेच्या नोकरीत पिढ्या घालविलेली अनेक कुटुंबे आहेत. त्यांच्या पेट्यांतून सत्काराची, बदलीच्या निरोपाची, इंजिनापुढे उभे राहून काढलेली छायाचित्रे आहेत. ही छायाचित्रे कोणत्याही शासकीय संग्रहात नाहीत. नातू जेव्हा आजोबांचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर टिपून 'आमचे आजोबा, पूर्णा जंक्शन' असे लिहून पाठवतो, तेव्हा तो एक नवे साधन उजेडात आणत असतो. त्याने साल चुकविले म्हणून चारचौघांत त्याची खिल्ली उडविली, तर तो पुढचे छायाचित्र पेटीतच ठेवील. चूक दुरुस्त झाली, पण साधन गमावले, असा हा व्यवहार तोट्याचा ठरतो.

६. काटेकोरपणाच्याही मर्यादा

अचूकतेचा आग्रह धरणाऱ्यांकडूनही एक चूक होते. त्यांची दृष्टी इंजिनावर खिळते. चाकांची रचना, धुराड्याची उंची, कारखान्याची पाटी यांवर सखोल चर्चा होते. परंतु छायाचित्रातील माणसांविषयी कोणी विचारीत नाही. बोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याच्या बांधकामात एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि रोगराईने व अपघातांनी त्यांतील अनेक मृत्यू पावले. घाटाच्या जुन्या चित्रांखाली अभियंत्यांची व कंत्राटदारांची नावे असतात. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालविले, हेही नोंदले गेले आहे. दगड फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांचे मात्र 'स्थानिक मजूर' एवढेच वर्णन उरते.

इंजिनाचा क्रमांक अचूक, परंतु माणूस अनामिक, अशी फोटोओळ अर्धीच अचूक म्हणावी लागेल. सांधेवाला, फायरमन, हमाल, खिडकीतून पाहणारी स्त्री, फलाटावरचा पाण्याचा हंडा आणि तो कोणासाठी वेगळा ठेवला आहे, हे प्रश्नही अचूकतेच्याच कक्षेत येतात. येथे उत्साही नातवाची 'आमचे आजोबा' ही ओळ तज्ज्ञाच्या ओळीहून अधिक नेमकी ठरते, कारण तिच्यात माणसाचे नाते आहे. म्हणजे अचूकता ही केवळ यंत्राची नसते. ती माणसाच्या नोंदीचीही असते.

दुसरी मर्यादा अशी की, निश्चित माहिती हाच अचूकतेचा एकमेव आविष्कार मानला जातो. वस्तुतः 'साल ठाऊक नाही' ही अत्यंत अचूक ओळ आहे. 'रुळांवरून नॅरोगेज दिसते, म्हणून १९११ नंतरचे; स्थळ लातूर असल्याचे कुटुंबीय सांगतात' ही ओळ 'लातूर, १९११' या ओळीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. पहिल्या ओळीत पुरावा आणि अनुमान वेगळे ठेवले आहेत. दुसऱ्या ओळीत ते मिसळले आहेत.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

या चर्चेचा अध्यापनात उपयोग सहज करता येण्याजोगा आहे. विद्यार्थ्याला जुन्या गाडीचे एक छायाचित्र देऊन त्याखालची ओळ झाकावी आणि त्याच्याकडून पाच गोष्टी लिहून घ्याव्यात. छायाचित्रात प्रत्यक्ष काय दिसते? त्यावरून कोणते अनुमान निघते? छायाचित्र कोणाकडून मिळाले? त्या व्यक्तीने काय सांगितले? आणि काय कळलेले नाही? त्यानंतर मूळ ओळ उघडून तिची तुलना करावी. या एका तासात पाठचिकित्सा, स्थानिक इतिहास आणि मराठी गद्यलेखन या तिन्हींचा पाठ होतो.

जाणकार दृष्टीला साध्या खुणाही पुरतात. उदाहरणार्थ, नेरळ–माथेरान आणि दार्जिलिंग या दोन्ही डोंगरी मार्गांची रुंदी दोनच फूट असल्याने त्यांची छायाचित्रे सारखी वाटतात. परंतु माथेरानच्या जुन्या इंजिनांना जोडलेल्या चाकांच्या तीन जोड्या होत्या आणि दार्जिलिंगच्या प्रसिद्ध 'बी' वर्गाच्या इंजिनांना दोन आहेत. चाके मोजणे हे शाळकरी मुलालाही जमते. अचूकता म्हणजे दुर्मीळ विद्वत्ता नव्हे. बहुतेक वेळा ती थोडे थांबून पाहण्याची सवय असते.

निलंग्यात जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधनांपर्यंत जाऊन मराठ्यांच्या इतिहासाची पडताळणी केली. नांदेडमध्ये अध्यापन केलेल्या नरहर कुरुंदकरांनी श्रद्धेच्या विषयांनाही विवेकाची कसोटी लावली. प्रिय असलेली गोष्ट तपासून पाहणे म्हणजे तिच्याशी द्रोह करणे नव्हे, ही या भूमीचीच शिकवण आहे.

समारोप

जुन्या आगगाडीच्या छायाचित्राविषयीचा उत्साह आणि त्याविषयीची अचूकता यांत वरवर विरोध दिसतो. परंतु पहिल्या प्रवासी गाडीच्या उदाहरणात अचूक शब्दाने अभिमान अधिक दृढ होतो, लातूरच्या उदाहरणात अचूक ओळ गावाला त्याचा हरवलेला इतिहास परत देते आणि नांदेडच्या उदाहरणात ती खऱ्या वेदनेचे रक्षण करते. तिन्ही ठिकाणी अचूकता ही उत्साहाची शत्रू ठरत नाही. ती उत्साहाला टिकाऊ करते. उलट उत्साहाला हिणवणारी अचूकता स्वतःचीच साधने गमावून बसते.

२०१६ च्या पाण्याच्या गाडीची छायाचित्रेही काही दशकांनी 'जुनी' होतील. त्या वेळी लोहा किंवा अहमदपूर येथील एखादा विद्यार्थी ती पाहील आणि त्याखालच्या ओळीवर विश्वास ठेवील. ती ओळ आजच लिहिली जात आहे. गाडी कोठून निघाली, कोठे पोहोचली, तिच्यात किती पाणी होते आणि ते का आणावे लागले, एवढे जरी आज नीट नोंदविले गेले, तरी त्या विद्यार्थ्याला जुन्या काळाविषयी तर्क करीत बसावे लागणार नाही.